कटऑफकाका

दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो. पावणेएकला कटऑफकाका दारात उभे. निकाल बघायला आसनक्रमांक आणि आईचं नाव लागतं, आणि काकांच्या वहीत सोसायटीतल्या झाडून सगळ्या दहावीवाल्यांची ही जोडी आधीच टिपलेली असते. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत बायका एकमेकींना ‘अमक्याची आई’ म्हणूनच हाक मारतात. कुणाचं खरं नाव हवं असेल, तर काकांना विचारावं.

काकांचं स्वतःचं नाव मात्र कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. सरकारी खात्यात अकाउंट्सला होते, निवृत्त झाले. मुलगी लग्न होऊन नाशिकला, मुलगा बंगळुरूला. घरातली शेवटची ॲडमिशन होऊन जमाना लोटला. पण अकरावीचा प्रवेश हा ज्याचा त्याचा खासगी मामला आहे, असं त्यांना कधी वाटलेलंच नाही.

त्यांचा हंगाम निकालाच्या बराच आधी सुरू होतो. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून ते फेब्रुवारीतच जिन्यात आडवे येतात. “नवीन काढायला टाकलं का?” तुम्ही दूध घेऊन चाललेले असता, तुम्हाला वाटतं दुधाबद्दल विचारतायत. पोरगं बोर्डाचा शेवटचा पेपर देऊन घरी आलं की त्याला “कसा गेला?” असं सगळी दुनिया विचारते. काका विचारतात, “आधारवरचं आणि शाळेतलं स्पेलिंग एकच आहे ना?”

त्यांची ती वही म्हणजे लांबट, लाल पुठ्ठ्याची, दुकानदार उधारी लिहितात तसली. तिच्यात कॉलेजवार कटऑफ. अनुदानित वेगळं, विनाअनुदानित वेगळं, स्वयंअर्थसहाय्यित वेगळं; बायफोकलला निळी शाई. बेचाळीस शतांश आणि सत्तेचाळीस शतांश यांतला फरक ते इतक्या गंभीरपणे समजावतात, की ऐकणाऱ्या आईच्या घशाला कोरड पडते. इतिहासही पाठ. “२००९ ला नव्वद-दहाचा कोटा आणला, हायकोर्टात उडाला. २०१० ला बेस्ट फाइव्ह. तेही हायकोर्टात उडालं, पण सुप्रीम कोर्टात टिकलं. २०२१ ला कोविडात अकरावीची सीईटी काढली, ऑगस्टमध्ये हायकोर्टानं रद्द केली.” हे सगळं एका दमात. स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं साल मात्र काकूंना विचारावं लागतं.

खरा सोहळा पसंतीक्रमाचा. फॉर्मचा भाग एक म्हणजे नाव-गाव-पत्ता. तो काका तुमच्यावर सोडतात, फक्त मागून बघतात. भाग दोन त्यांच्या जेवणाच्या टेबलावरच भरला जातो. जास्तीत जास्त दहा कॉलेजं टाकता येतात. काका आधी पाठकोऱ्या कागदावर तीन रकाने आखतात: स्वप्नातली, आवाक्यातली, हक्काची. पेन्सिलनंच लिहायचं. मग एकेक नाव वर चढतं, खाली उतरतं, खोडरबराचा भुगा पोह्यांच्या बशीत पडतो. मुलाचे वडील मध्येच म्हणतात, “पहिल्या नंबरला हे घरामागचं टाकूया सहज.” काका पेन्सिल खाली ठेवतात.

“सहज? पहिलं लागलं तर घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. पहिला नंबर म्हणजे शब्द दिला, साहेब.”

वडील गप्प. काकू स्वयंपाकघरातून सांगतात, “मला बघायला आले तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिला होता यांनी. आणि लोकांच्या पोरांना दहा कॉलेजं लावायला तीन संध्याकाळी!”

कॉलेज चांगलं असणं काकांना पुरत नाही, ते गाडीत बसलं पाहिजे. “रुईया उत्तम. पण माटुंग्याला फास्ट थांबत नाही. दादरला उतरून चालायचं. चालशील का? पावसात?” मुलगा मान हलवतो. काका वहीत ‘चालतो’ असं लिहितात.

एका विषयावर मात्र त्यांचा तोल जातो, तो म्हणजे इंटिग्रेटेड. नाव कॉलेजचं, फी क्लासची, आणि मुलगा दिवसभर क्लासच्या एसीत. “मग कॉलेज कशाला हवं? हजेरीपुरतं?” त्यांचा आवाज चढतो, काकू पाणी आणून ठेवतात. ज्यांनी आधीच तिथे पैसे भरलेले असतात, ते आईबाप भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतात.

२०२५ साली सरकारनं अकरावीचा ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू केला. तोवर तो मुंबई महानगर, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यापुरता होता. लोकांना ही धोरणाची बातमी वाटली. काकांना बढतीची ऑर्डर आल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्या नातेवाइकांकडे लग्नामुंजीपुरतं जाणं होतं, त्यांचे कराड, बार्शी, चिपळूणहून फोन सुरू झाले. “भाऊजी, ते लॉक करायचं म्हणजे काय करायचं?” काका गॅलरीत उभे राहून बार्शीच्या पोराला ओरडून सांगत होते, “लॉक! लॉक कर! नुसतं सेव्ह करून काय होतंय!” समोरच्या इमारतीतल्या दोघांनी ते ऐकून आपापले फॉर्म लॉक केले.

याच वर्षी तिसऱ्या मजल्यावरची मुलगी त्यांच्या टेबलाशी बसली. चौऱ्याण्णव टक्के. काकांनी उत्साहानं सायन्सचं पान उघडलं. ती म्हणाली, “काका, मला आर्ट्स घ्यायचंय. सायकॉलॉजी.”

काकांनी चष्मा काढला. “बाळा, चौऱ्याण्णव आहेत गं तुला,” ते म्हणाले, जणू पोरीला कुणी निकाल नीट सांगितलाच नव्हता.

ती हसली, पण जागची हलली नाही. काकांनी वही मिटली. त्या संध्याकाळी पसंतीक्रम लागला नाही. आम्हाला वाटलं, आता हे तिच्या आईला गाठणार, मग वडिलांना, मग आजोबांना. काका कुणाकडेच गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजली. रात्र जागून काकांनी वहीच्या मागच्या बाजूनं आर्ट्सचे कटऑफ उतरवून काढले होते. “अहो, नामांकित ठिकाणी आर्ट्ससुद्धा नव्वदीच्या पुढेच बंद होतं! आणि सायकॉलॉजी सगळीकडे नसते, आधी विषय बघायचा, मग कॉलेज.” बोलताना चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नव्हता, निव्वळ आनंद. इतकी वर्षं एक अख्खी शाखा आपल्या वहीबाहेर राहिली होती, ती आता आत आली होती.

तिला हवं ते कॉलेज माटुंग्याला मिळालं. प्रवेश निश्चित करायच्या दिवशी तिच्या वडिलांना सुट्टी मिळेना, म्हणून काका गेले. हातात प्लास्टिकची फाइल, आत गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स, स्टेपलर, गोंदाची बाटली. खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं, “आपण मुलीचे कोण?”

“शेजारी.”

क्लार्कनं पेनानं बाकड्याकडे खूण केली. तिथे फायली मांडीवर घेतलेले तीन शेजारी आधीच बसलेले होते. काका चौथे जाऊन बसले, आणि मुलीचं काम होऊन ती बाहेर आली तरी उठेनात. पलीकडच्या गृहस्थांकडे ठाणे-मुलुंडची सगळी जंत्री होती.

सध्या काकांचा नातू बंगळुरूला आठवीत आहे. अजून दोन वर्षं आहेत, पण वहीत त्याच्या नावानं पान उघडून झालंय. परवा मुलानं फोनवर सांगितलं, “बाबा, इथं पीयूला असल्या फेऱ्या नसतात. ज्या कॉलेजात हवं तिथं जायचं, फॉर्म भरायचा, ते त्यांची यादी लावतात.”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आणि मग तिथली माणसं मे-जूनमध्ये करतात तरी काय?”

नातवाची दहावी इकडे, डोंबिवलीत करावी असा त्यांचा आग्रह आहे. सुनेनं अजून होकार दिलेला नाही.