विजयदुर्गात भारी कॅबर्ने चाखण्याची व तिचा भाव सांगण्याची रीत

मे महिन्यात गावी येताना ज्या चाकरमान्याच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली तांबडी कॅबर्ने वाइन असेल, त्याने पुढील सूचना तळेऱ्याला हायवे सोडण्यापूर्वी वाचून घ्याव्यात. पुढे रस्त्याला वळणे आहेत, आणि पडेल कँटीनला थांबून चहा झाला की कोणतीही सूचना पाळण्याची इच्छा उरत नाही. हे मार्गदर्शन दीड-दोन हजारांच्या वरच्या बाटलीसाठीच आहे. त्याखालची असेल तर चाखत बसू नये, प्यावी.

बाटली गोव्यातून आणू नये. तिकडे स्वस्त मिळते हे खरे, पण इकडे येताना इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा नाका लागतो, आणि तिथल्या माणसाला ओकच्या पिंपाचे महत्त्व पटवून देण्यात आजवर कोणाला यश आल्याचे ऐकिवात नाही. परदेशी बाटलीवर केंद्राचे सीमाशुल्क वर्षानुवर्षे दीडशे टक्के राहिले. म्हणजे शंभराची बाटली बंदरात उतरे तेव्हाच अडीचशेची झालेली असे, आणि राज्याचा हिशेब त्यानंतर सुरू होई. तेव्हा नाशिकची आणावी, किंवा अकलूजची. हो, अकलूज. इटलीतले भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील यांनी मिळून फ्रातेल्ली नावाचा कारखाना तिथे उभा केला, आणि त्यांच्या ‘सेट्टे’त कॅबर्नेला इटलीची सांजोव्हेजे जोडीला असते. नाशकाकडे वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. पीक मात्र एकच, जानेवारी ते मार्च. फ्रान्समधली वेल हिवाळ्यात आपणहून झोपते; आपल्याकडची झोपत नाही, म्हणून तिचे वर्ष शेतकऱ्याला कात्रीने आखावे लागते. एवढी माहिती पाठ असली की बाटली उघडण्यापूर्वीची दहा मिनिटे आरामात जातात.

विजयदुर्गात नवा चेहरा दिसला की पहिला प्रश्न येतो, “कोणाचो रे?” कॅबर्नेबद्दलही तोच येईल. उत्तर तयार ठेवावे. काळी कॅबर्ने फ्रँ आणि पांढरी सोव्हिन्यों ब्लांक यांचे बोर्दोकडच्या कुठल्याशा मळ्यात परस्पर जुळले, त्यांचे हे अपत्य. घरच्यांना पत्ता नव्हता. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाने डीएनए तपासून आईबापांची नावे जाहीर केली. हे ऐकून आजी ‘तरी म्हटला’ अशा चेहऱ्याने आत जाईल. जाऊ द्यावे.

बाटलीत ७५० मिलिलिटर असते, म्हणजे माणशी दीडशेप्रमाणे पाच जणांची सोय. मे महिन्यात घरात माणसे चौदा. वाटणी आधीच ठरवलेली बरी. १७५६ साली इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्ग घ्यायला आले, तेव्हा लुटीत कोणाचा किती वाटा हे त्यांनी मुंबईहून निघण्यापूर्वीच बैठक घेऊन ठरवले होते, आणि त्यावरून आरमार व लष्कर यांच्यात कुरबुर झाली ती झालीच. याच संदर्भात आणखी एक सूचना. सूर्यास्त कितीही चांगला दिसत असला तरी बाटली किल्ल्यात नेऊ नये. ते संरक्षित स्मारक आहे. पडवी पुरेशी आहे.

आता तापमान. पुस्तकात ‘रूम टेंपरेचर’ असे दिलेले असते. ती रूम विजयदुर्गातली नव्हे. तांबडी वाइन सोळा ते अठरा अंशांवर प्यायची असते, आणि मेमध्ये आपल्या माजघरात सावलीतही तीस-बत्तीस असतात. फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवता येईल, पण फ्रीजमध्ये सकाळी घेतलेली सुंगटे आहेत आणि वीज गेलेली आहे. म्हणून बाटली कळशीत घालावी, कळशीला राजू बांधावा आणि विहिरीत सोडावी. सोडताना काठावर कोणा जाणत्याला उभे करावे, नाहीतर गाठ सुटली की चाखण्याचा प्रश्न मिटतो आणि किमतीचा तेवढा उरतो.

बूच काढण्याचे यंत्र विसरलेले असतेच. काका कोयती घेऊन येतील. त्यांना आदराने थांबवावे. मग ते पळीच्या दांड्याने बूच आत ढकलतील, त्याला इलाज नाही. तुकडे तरंगले तर चहाच्या गाळणीने गाळावे. चहाची पूड आधी झटकावी. महागडी कॅबर्ने हवेवर ठेवली की तिचा ताठा उतरतो, म्हणून रुंद भांड्यात ओतून ठेवायची रीत आहे. पितळेचा तांब्या घेऊ नये. कलई गेलेली असेल तर आंबट पदार्थ त्यात कळकतो, आणि मग पाहुणे त्याला या जमिनीचा खनिज गुण म्हणतील. चिनी मातीची बरणी चांगली, मात्र लोणच्याची नको. पेला काचेचा नसेल तर स्टीलचा चालतो. गोल फिरवावा. आत काय चालले आहे ते दिसत नाही, त्यामुळे चेहरा गंभीर ठेवणे सोपे जाते.

नाक पेल्यात घालून काय आले ते सांगायचे असते. इथेच बहुतेकांची दातखीळ बसते, कारण पुस्तकात ब्लॅककरंट, सीडर असले काहीतरी लिहिलेले असते आणि आपण दोन्ही पाहिलेले नसते. घाबरू नये. पिकलेले करवंद म्हणावे. ते खरेच जवळ जाते. जांभूळही चालते. कोवळ्या द्राक्षांची वाइन असेल तर ढोबळी मिरचीचा वास येतो. तो पायराझीन नावाच्या रसायनाचा असतो आणि ढोबळी मिरचीतही तेच असते, त्यामुळे तो ओळखणाऱ्याने संकोचू नये. लाकडाचा वास आला तर पिंपाचा समजावा. पहिल्या घोटानंतर हिरड्या आवळतात, जीभ कोरडी पडते, ते टॅनिन. हे शहरातल्या माणसाला तासभर समजावून सांगावे लागते. गिर्ये-विजयदुर्गच्या पोराला लागत नाही, कारण त्याने लहानपणी कलमांखाली बसून काजूची बोंडे खाल्लेली असतात आणि घसा धरला म्हणून घरी बोलणीही खाल्लेली असतात. या विषयात आपला माणूस बोर्दोवाल्याच्या चार पावसाळे पुढे आहे.

सोबत मासे नकोत. हे विजयदुर्गात सांगणे धाडसाचे आहे, पण कारण शास्त्रीय आहे. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की तांबड्या वाइनमधल्या लोहामुळे माशाबरोबर तोंडात एक उग्र, हिंवस चव उठते. बांगड्याच्या तिखल्यावर कॅबर्ने घेतल्यास दोष बांगड्याला लागतो, आणि ताजा बांगडा आणणाऱ्या माणसाचा अपमान होतो. कोंबडी-वडे करावेत. चरबी आणि प्रथिने टॅनिनला धरून ठेवतात, घोट मऊ लागतो. त्यातही एक वडा पेल्यात बुडवून पाहणारा काका असतो. त्याचे निरीक्षण नोंदवून घ्यावे.

येथवर चाखणे झाले. आता भाव, आणि खरी कला यातच आहे.

भाव ओतण्यापूर्वी सांगावा, नंतर नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी वीस जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीने कॅबर्नेच पाजली. वाइन तीन, किमती पाच. पाच डॉलरची वाइन एकदा पाच डॉलरची म्हणून दिली, एकदा पंचेचाळीसची म्हणून. नव्वदची एकदा नव्वदची, एकदा दहाची. सांगितलेली किंमत चढली की लोकांना चव जास्त आवडली, आणि मेंदूतला सुख नोंदवणारा भागही जास्त चेतला. म्हणजे मंडळी शिष्टाचार म्हणून वाहवा करत नव्हती, त्यांना खरोखरच बरे वाटत होते. पुढे त्याच वाइन किंमत न सांगता दिल्या, तर महाग-स्वस्त हा भेद जिभेवर उरला नाही. ज्याच्या खिशात दोन हजारांचीच बाटली आहे त्याने यातून काय घ्यायचे ते उघड आहे. भावोजींना सहा हजार सांगावे. एवढ्या आनंदासाठी त्यांना नाहीतर चार हजार जास्त पडले असते.

आजीला मात्र दोनशे सांगावे. तिला कोणतीही रक्कम पापलेटांत मोजायची सवय आहे, आणि खरा आकडा कळला तर पुढचे दोन दिवस घरात पापलेट येत नाही. दोनशे ऐकूनही ती म्हणेल, “झिला, इतक्या म्हाग, मगे कडू कित्याक?” या प्रश्नाला बोर्दोतही उत्तर नाही.

मुंबईचा पाहुणा ‘फ्रेंच ती फ्रेंच’ म्हणू लागला तर बाटली तरुण भारतच्या पानात गुंडाळून द्यावी. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये नऊ फ्रेंच परीक्षकांना लेबल झाकून वाइन दिल्या, तेव्हा तांबड्यांत पहिली आली ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅग्ज लीपची १९७३ची कॅबर्ने. बोर्दोची बडी घराणी तिच्या मागे राहिली. तिची किंमत तेव्हा सहा डॉलरच्या आसपास होती.

पुढे नापा खोऱ्याने हे सहा डॉलर मनाला लावून घेतले. तिथल्या कॅबर्ने द्राक्षांचा सरासरी भाव अलीकडे टनाला नऊ हजार डॉलरच्या घरात आहे. त्या व्यापारात एक ठोकताळा चालतो: टनाच्या भावाला शंभराने भागावे, आली ती बाटलीची किंमत. म्हणजे नव्वद डॉलर. फ्रेंच ओकचे नवे पिंप २२५ लिटरचे, हजार डॉलरच्या पुढचे. त्यातून तीनशे बाटल्या निघतात, तेव्हा बाटलीमागे लाकूड तीन-चार डॉलरचे. काच, बूच, कागद जोडून पाहावे. कितीही ताणले तरी हिशेब पाचशे-हजार डॉलरच्या बाटलीपर्यंत पोचत नाही. वरचे पैसे नावाचे. २००० साली नापाच्या धर्मादाय लिलावात स्क्रीमिंग ईगलच्या १९९२च्या कॅबर्नेची सहा लिटरची एक बाटली पाच लाख डॉलरला गेली. साध्या आठ बाटल्यांचा तो माल.

ज्याच्या घरी हापूस आहे त्याला यात नवल वाटत नाही. हंगामाच्या आरंभी देवगडची पहिली पेटी वाशीच्या बाजारात पोचली की तिच्या भावाची बातमी होते, फोटो येतो, पेटीला हार घालतात. मे सरता सरता त्याच कलमाचा आंबा कॅनिंगवाला किलोवर घेऊन जातो. झाड तेच, जांभा तोच, खारा वाराही तोच. आणि तपासणी म्हणाल तर वाइनच्या पंडितांनी काकांसमोर बसून शिकावी. काका फळ हातात घेतात, देठाजवळचे खांदे भरलेत का पाहतात, ‘चौदा आणे’ म्हणतात आणि बाजूला ठेवतात. शंका आली तर पाण्यात सोडतात. तयार फळ बुडते, कोवळे तरंगते. शंभरपैकी गुण देत नाहीत. पण एवढे करूनही आतला साका कापल्याशिवाय दिसत नाही, आणि भाव काका ठरवत नाहीत, वाशीचा दलाल ठरवतो. हॉटेलात बूच लागून नासलेली बाटली परत करता येते. साका निघालेली फोड मुंबईचा पाहुणा गपगुमान गिळतो आणि वर ‘काय गोडी आहे’ म्हणतो, कारण डझनाचा भाव त्याने आधी ऐकलेला असतो.

नाव महाग झाले की नावाची चोरी होते. रुडी कुर्नियावान नावाच्या गृहस्थाने लॉस एंजलिसजवळच्या घरात जुन्या फ्रेंच बाटल्यांची लेबले बनवून स्वतःच मिश्रणे भरली, ती श्रीमंतांना विकली आणि २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा घेतली. पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना वर्षानुवर्षे पत्ता लागला नाही. चव उत्तम होती म्हणे. इकडे कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत आणि देवगडच्या पेपरात गुंडाळून बसतो. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, देवगडच्या बागायतदारांनी आता फळाफळावर सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर आणले. काका एकेका आंब्याला स्टिकर लावत बसलेले असताना त्यांना वाइनच्या लेबलाबद्दल काही सांगायला जाऊ नये.

उरलेली वाइन झाकण लावून दोन-तीन दिवसांत संपवावी, पुढे ती आंबते. चौदा माणसांत उरण्याची शक्यता कमी असल्याने या सूचनेवर अधिक शाई खर्च करत नाही. रिकाम्या बाटलीकडे मात्र लक्ष ठेवावे, कारण घरातल्या बायकांना खरा रस तिच्यातच असतो. जाड काच, खाली खळगा, उंच मान. कोकमाच्या आगळाला अशी बाटली बाजारात मिळत नाही. स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून भरावी. रंग हुबेहूब तोच येतो. धुताना लेबल भिजू देऊ नये, आणि पुढच्या मेमध्ये भावोजी येतील तेव्हा बाटली फडताळात पुढेच ठेवावी. आगळात मीठ भरपूर असते, एवढे त्यांना ओतण्यापूर्वी सांगायचे की भाव सांगायचा, हे त्या वर्षी पापलेट कोणी आणले त्यावर ठरवावे.