जिवाला धोका असल्याचा पुरावा जोडावा

पिंपरी-चिंचवडच्या क्राइम पानावर एक बातमी कायमची मुक्कामाला आलेली असते. पोलिसांना खबऱ्यामार्फत माहिती मिळते, पथक सापळा रचतं, अंगझडतीत कमरेला खोचलेलं गावठी पिस्तूल आणि दोन जिवंत काडतुसं मिळून येतात. चौकाचं नाव तेवढं बदलतं. हत्यार कशाला बाळगलं, या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं : "सेफ्टीसाठी, साहेब." तिकडे रीतसर परवाना मागणारा अर्जात लिहितो, स्वसंरक्षणासाठी. दोघांचं याबाबत पूर्ण एकमत आहे.

आमच्या गल्लीतला एक पोरगा चाकणजवळच्या महाळुंगेच्या कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर आहे. दुसरी पाळी सुटली की मध्यरात्री अंधाऱ्या रस्त्याने पायी येतो. पगाराच्या आठवड्यात त्याला दोघांनी अडवलं, कोयता दाखवला आणि मोबाइल नेला. मोबाइल गेला, हप्ते राहिले. म्हणाला, "काका, मलाच एक लायसन काढून द्या." म्हटलं, बस, अर्ज भरू.

"धोका कोणापासून?"

"तोंडाला रुमाल होता."

"पुरावा?"

त्याने हातावरचे तीन टाके दाखवले.

"मालमत्ता?"

"डबा. स्टीलचा आहे, चार कप्प्यांचा."

अर्ज तिथेच बारगळला. बरंच झालं म्हणा. याच्या हाती पिस्तूल आलं असतं तर पुढच्या पगाराला मोबाइलबरोबर तेही गेलं असतं.

बाकी कायद्याने त्याला वाऱ्यावर सोडलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खास स्वसंरक्षणासाठी आहेत. अट एवढीच की गरजेपुरतंच बळ वापरायचं, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. आता तळेगाव-चाकण रस्त्यावर वेळच वेळ असतो. माणसाला असतो, टेम्पोला असतो, कोंडीत अडकलेल्या पोलीस गाडीलाही असतो.

चाकणकरांना पूर्वी परवान्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागायचं. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झालं आणि ते काम पोलीस आयुक्तांकडे आलं. धोका मात्र पूर्वीसारखाच जमीन विकलेल्यांना जास्त जाणवतो. एमआयडीसीचा मोबदला आला की आधी फॉर्च्युनर येते, मग गळ्यात साखळी, मग जिवाला धोका. क्रम सहसा चुकत नाही. मुळशीत शेतकऱ्यासमोर पिस्तूल नाचवणाऱ्या मनोरमा खेडकर यांचा व्हिडिओ जुलै २०२४ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राने पाहिला. त्यात संरक्षणाची गरज नेमकी कोणाला होती, हे ज्याने त्याने ठरवावं. गुंड नीलेश घायवळच्या भावाचा अर्ज पुणे पोलिसांनी फेटाळला, तर २०२५ मध्ये गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी अपिलात मंजूर केला. बोंब झाल्यावर मंत्र्यांनी सांगितलं, अर्जदार गुन्ह्यांतून निर्दोष सुटले आहेत. पोलिसांनी परवाना काही हातात ठेवला नाही. आमच्या हेल्परवर तर आजवर एकही गुन्हा नाही. निर्दोष सुटायचं कशातून?

मंडळी म्हणतात, शिक्षा कडक करा. केली की! शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना पिस्तुलाची किमान शिक्षा एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली आणि कमाल पाचवर. हत्यार बनवून विकणाऱ्याला किमान सात वर्षं, वर जन्मठेप. परवान्यावर तीन बंदुका बाळगता यायच्या, त्या दोनवर आणल्या. ही बातमी मध्य प्रदेशातल्या उमरटीपर्यंत पोहोचायला वेळ लागला असावा, कारण तिथल्या हत्यारांच्या भट्ट्या मोडायला पुणे पोलिसांना नोव्हेंबर २०२५ मध्ये स्वतः जावं लागलं.

किमान शिक्षेची गोम अशी की ती दोषी ठरल्यावर सुरू होते. त्याआधी जामीन असतो, तारीख असते, फुटलेला पंच असतो. दोषी ठरल्यावरही ती किमान राहतेच असं नाही. संजय दत्तच्या घरातली एके-५६ सुद्धा कुटुंबाच्या रक्षणासाठीच होती म्हणे. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सहा वर्षांची पाच केली. त्या कलमात पाचाच्या खाली उतरायला पायरीच नव्हती. मग आधी भोगलेला काळ वजा झाला, फर्लो झाली, पॅरोल झाला, वागणुकीची सूट मिळाली, आणि २५ फेब्रुवारी २०१६ ला संजूबाबा येरवडा तुरुंगाच्या दारात तिरंग्याला सलाम ठोकताना दिसला. आणि निर्दोष सुटलेल्याचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये गुंड गजा मारणे तळोजा तुरुंगातून सुटला, तेव्हा शेकडो गाड्या द्रुतगती मार्गावरून निघाल्या आणि उर्से टोलनाक्यावर फटाके वाजले.

राहिला कोयता. शस्त्र कायद्याने निव्वळ घरगुती आणि शेतीची अवजारं शस्त्रांतून वगळली आहेत. कोयता ऊस तोडण्यासाठी. चाकणच्या रानात आता कंपन्या उगवल्या, ऊस गेला, कांदा बाजारापुरता उरला, कोयता मात्र तेजीत आहे. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात कोयता घेणाऱ्याचं आधारकार्ड बघायचं ठरलं. त्यामुळे निदान ऊसतोड कामगारांची नोंद चोख झाली असेल. पोरं वाढदिवसाला केक कापतात ती तलवार मात्र शस्त्रच. नऊ इंचांहून लांब पातं, किमान शिक्षा एक वर्ष. केक अर्ध्या किलोचा असला तरी.

या सगळ्यात आमचा जीव जडलाय तो निवडणुकीच्या आचारसंहितेवर. ती लागली की छाननी समिती बसते आणि ती ठरवेल त्या परवानाधारकांना आपापलं शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. विनापरवाना मंडळींसाठी अशी सोय नसल्याने त्यांची गैरसोय होत नाही. ऐन प्रचारात, जेव्हा एकेका प्रभागात गल्लीगल्लीत राडे होतात, तेव्हा शहरातल्या कित्येक प्रतिष्ठितांच्या जिवाचा धोका ठाण्याच्या कपाटात कुलूपबंद असतो. निकाल लागला, गुलाल धुऊन झाला, की पावती दाखवून तो परत न्यायचा.