दुसऱ्याची पिशवी

रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत आमच्या मेहुण्यांचा न्यू जर्सीतल्या एडिसनहून व्हिडिओ कॉल येतो. तिकडे शनिवारची रात्र असते आणि आठवडाभराचा राग मुरून छान तयार झालेला असतो. परवाचा राग आम्रखंडाचा होता.

"भावोजी, इंडियन ग्रोसरीत माझ्यापुढे एक बाई होती. ट्रॉलीत पराठ्यांची पाकिटं, तूरडाळ, भेंडी आणि आम्रखंडाचे दोन डबे. आणि पैसे कशाने दिले माहितेय? ईबीटी कार्डाने! म्हणजे फूड स्टॅम्प. म्हणजे माझे पैसे!"

"तुम्ही काय घेतलंत?"

"मी श्रीखंड. त्यावर सूट होती."

फूड स्टॅम्प म्हणजे आपल्या रेशन कार्डाचा अमेरिकेतला चुलत भाऊ. कागदी कुपनं केव्हाच गेली, कार्ड आलं, २००८ साली कायद्यातलं नावही बदलून 'स्नॅप' झालं. पण रागवायला जुनं नावच बरं पडतं. २०२४ साली सुमारे ४ कोटी २० लाख माणसं या योजनेवर होती. माणशी महिन्याला सरासरी १८७ डॉलर मिळत होते, म्हणजे दिवसाला जेमतेम ६ डॉलर. एवढ्यात आम्रखंड बसवणाऱ्या बाईला खरं तर अर्थखात्यात घ्यायला हवं. पण मेहुण्यांना ती लुटारू वाटली.

मेहुण्यांचं दुःख अगदीच खोटं नाही. ते एच-१बी व्हिसावर आहेत. कर पै न् पै भरतात आणि उद्या नोकरी गेली तर हे कार्ड त्यांना मिळणार नाही. आता 'मला मिळत नाही' या वाक्यापुढे माणूस 'मलाही मिळावं' असं म्हणू शकतो. मेहुणे म्हणतात, "मग तिला तरी कशाला?"

तिथलं सरकार फार ढिलं आहे, असं त्यांचं मत आहे. मला उलट वाटतं. गरिबाच्या ट्रॉलीत इतक्या बारकाईने कोणाची सासूही डोकावणार नाही. भाजलेली कोंबडी गरम असेल तर या कार्डावर मिळत नाही. तीच कोंबडी गार करून फ्रिजमध्ये ठेवली की मिळते. म्हणजे भूक मंजूर, वाफ नामंजूर. जिवंत शेवंड चालते. दुकानदाराने उकडून गरमागरम दिली की चालत नाही. भाज्यांच्या बिया चालतात: पेरा, पाणी घाला, दोन महिने धीर धरा, मग जेवा. साबण चालत नाही. वाढदिवसाचा केक चालतो; मात्र त्यावरच्या न खाता येणाऱ्या सजावटीची किंमत एकूण किमतीच्या निम्म्याहून जास्त नको. वॉशिंग्टनमध्ये कोणीतरी पगारी माणसाने बसून केकवरच्या प्लॅस्टिकच्या बाहुलीचा विचार केलेला आहे.

तरीही समाधान नाही. २०२५ साली नेब्रास्काने कार्डावरून सोडा-पेयं वगळायची परवानगी मिळवली, मग इतर राज्यांनीही रांग लावली. त्याच जुलैत झालेल्या कायद्याने कामाची अट ६४ वर्षांपर्यंत नेली. धडधाकट माणसाने महिन्याला ८० तास काम दाखवायचं, नाहीतर तीन वर्षांत तीन महिने धान्य, बाकीचे तेहतीस महिने आत्मनिर्भरता.

डोकावायची ही सवय जन्मापासूनची आहे. १६ मे १९३९ रोजी रोचेस्टर शहरात ही योजना पहिल्यांदा सुरू झाली. एक डॉलरची नारिंगी कुपनं विकत घ्यायची, त्यावर पन्नास सेंटची निळी कुपनं फुकट. नारिंगीवर हवं ते घ्या. निळ्यावर फक्त सरकार ज्याला जास्तीचं ठरवेल ते. शेतमाल पडून होता, भाव कोसळले होते आणि समोर बेकार माणसं उपाशी होती. तेव्हा भूक दोघांना लागली होती, माणसाला भरायची आणि गोदामाला रिकामं व्हायची. पिशवीत काय पडेल ते गोदामाने ठरवलं.

हे सगळं ऐकून मेहुण्यांनी विषय बदलला आणि पोकोनोजच्या डोंगरात घेतलेलं दुसरं घर दाखवलं. मागच्या अंगणात गरम पाण्याचा टब आहे. कर्जाचं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होतं. पहिल्या घराचंही होतं, दुसऱ्याचंही होतं, दोन्ही मिळून साडेसात लाख डॉलरच्या कर्जापर्यंत. अमेरिकेच्या आयकर खात्याचं मन एवढं मोठं आहे की झोपायची, रांधायची आणि शौचाची सोय असेल तर बोटीलाही ते घर मानतं आणि तिच्या कर्जाच्या व्याजावर सूट देतं. तिथे मात्र कोणी डोकावून विचारत नाही की टबातलं पाणी गरम आहे का. गरम कोंबडीवर देश बुडतो, गरम टबावर तरंगतो.

संध्याकाळी हे आम्रखंड मी सोसायटीच्या कट्ट्यावर वाढलं. सगळ्यांनी चाटूनपुसून घेतलं. सेक्रेटरी म्हणाले, "आपल्याकडेही तेच. फुकट तांदूळ घेतात आणि बाहेर विकतात." दुसरे म्हणाले, "लोकांना कामाची सवयच राहिली नाही." हे गृहस्थ ५८ व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून रोज साडेपाचला कट्ट्यावर हजेरी लावतात. अमेरिकेतली ६४ ची अट मी त्यांना सांगितली नाही. रक्तदाब आहे.

मग कट्ट्यावरचे सर्वांत ज्येष्ठ सभासद बोलते झाले. "आम्ही बहात्तरच्या दुष्काळात मिलो खाल्ली. तक्रार केली नाही." मिलो म्हटल्यावर पिढी ओळखता येते. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, तिची न फुगणारी भाकरी, आणि शाळेत मिळणारी सुकडी. रोचेस्टरमध्ये गोदाम जे खायला घालत होतं, तेच समुद्र ओलांडून आमच्या जिल्ह्यात आलं होतं.

"कुठे मिळायची हो मिलो?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? रेशनवर!"

आणि मग गंमत झाली. जो तो रेशनच्या आठवणी काढू लागला. दाराच्या मागे खुंटीला टांगलेली रेशनची कापडी पिशवी. रॉकेलचा डबा नंबरात ठेवून शाळेत जाणं. दिवाळीला जास्तीची साखर, रवा, मैदा, पामतेल. दुकानदाराने 'माल आला' म्हटलं की वाड्यात पळत बातमी आणायची. मुख्याध्यापक, पोस्टमास्तर, कारकून, कामगार, सगळे एकाच रांगेत. "काय दिवस होते!" म्हणून सेक्रेटरींनी डोळे पुसले. त्या दिवसांत यांच्यापैकी एकालाही कोणी फुकट्या म्हटलं नव्हतं. स्वस्त साखर सरकार कोणाच्या खिशातून देतं, हा प्रश्न यांनीही विचारला नव्हता, कारण रांगेत ते स्वतःच उभे होते आणि पुढच्याच्या पिशवीत जे होतं तेच आपल्या पिशवीत पडणार होतं.

१९९७ साली लक्ष्य निर्धारित व्यवस्था आली. १९९९ पासून महाराष्ट्रात शिधापत्रिकेचे तीन रंग झाले. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळी, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर शुभ्र. आम्ही शुभ्र झालो. शुभ्र कार्डावर धान्य मिळत नव्हतं, पत्त्याचा पुरावा मिळायचा. आम्ही रांगेतून बाहेर पडलो, पलीकडच्या फुटपाथवर गेलो आणि तिथून आम्हाला एकाएकी इतरांच्या पिशव्या स्वच्छ दिसू लागल्या.

अन्नसुरक्षा आली तेव्हा शहरातल्या कुटुंबाला उत्पन्नाची मर्यादा ठरली वर्षाला ५९ हजार. म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. एवढ्या पैशात शहरात कुटुंब चालवणारा माणूस गरीब नव्हे, सिद्धपुरुष म्हणायला हवा. पण मर्यादाच अशी की खरं बोललं तर धान्य बंद, आणि खोटं बोललं तर 'बघा, हे लोक खोटं बोलतात' म्हणायला कट्टा मोकळा.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी परवा स्कूटरवरून रेशन दुकानात सोडलं. दयाबुद्धीने नव्हे. घरी पाहुणे होते आणि त्या लवकर परत यायला हव्या होत्या. दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा लावायचा असतो. मावशींचा अंगठा वीस वर्षं आमच्यासारख्यांची भांडी घासून गुळगुळीत झालाय. पहिल्यांदा लागला नाही. दुकानदार म्हणाला, "पदराला पुसा." पुसला. लागला नाही. "केसांवरून फिरवा, थोडं तेल लागू दे." फिरवला. नाही. "दुसरं बोट बघू." मग तिसरं. मागच्या बाईने आपल्या पर्समधून खोबरेल काढून दिलं. पाचव्या बोटाला यंत्राने ओळख दिली. माणशी पाच किलोप्रमाणे पिशवी भरली. पूर्वी तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो होता; जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. फुकट म्हणजे पाच बोटं, दीड तास आणि अर्ध्या दिवसाचा खाडा.

"तांदूळ विकता का हो मावशी?" परत येताना मी कट्ट्याच्या वतीने विचारलं.

"विकते की दादा, कधी कधी. डाळ कोण देतं फुकट?"

म्हणजे सेक्रेटरींचा आरोप सिद्ध झाला. बाई भातावर वरण घेते.

आता गैरप्रकार नसतातच असं नाही. 'लाडकी बहीण' योजनेचंच घ्या. जून २०२४ मध्ये घोषणा, जुलैपासून महिना १५०० रुपये, नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक. तेव्हा अर्ज आला की मंजूर. पुढच्या वर्षी पडताळणी झाली आणि २६ लाखांहून अधिक नावं संशयावरून थांबवली गेली. त्यांत १४ हजारांवर पुरुष होते! राखी बांधून घ्यायला हात पुढे करायचा तर यांनी ओवाळायलाही हात पुढे केले. पण मला कौतुक भावाचं वाटतं. निवडणुकीआधी भावाने मायेने डोळे मिटले, निवडणुकीनंतर चष्मा लावला. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी बुंदेलखंडात रेवडी संस्कृतीपासून सावध राहायला सांगितलं होतं, ते सगळ्या पक्षांनी मनावर घेतलं आहे. दुसरा वाटतो ती रेवडी. आपण देतो ती ओवाळणी.

आणि २०२२ च्या दिवाळीतला 'आनंदाचा शिधा' आठवा. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, पामतेल. पिशवीवर नेत्यांचे हसरे चेहरे. म्हणजे पिशवीच्या बाहेर नेता आणि आत डोकावणारा करदाता. जिची पिशवी तिला फक्त बंद धरायला दिलेत.

हे सगळं पाहून मी सोसायटीच्या सभेत एक ठराव मांडला. सरकारच्या पैशाचा हिशोब चोख असावा यावर सगळ्यांचं एकमत आहेच, तर सुरुवात आपल्या गेटपासून करू. वॉचमनकडे एक वही आणि एक ई-पॉस यंत्र ठेवू. ज्याने गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत घेतली त्याने रोज आत येताना अंगठा लावावा आणि पिशवी उघडून दाखवावी. जुहूच्या दुकानातली पेस्ट्री आढळल्यास सजावट मोजावी. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी महिन्याला ८० तास जिन्याचे कठडे पुसावेत. ज्यांच्या मुलांनी सरकारी अनुदानाच्या महाविद्यालयात स्वस्तात शिकून एडिसन गाठलं, त्यांच्या पालकांनी महिन्यातून एकदा, रांगेत उभं राहून, केसांवरून बोट फिरवावं.

ठरावाला अनुमोदक मिळाला नाही. सेक्रेटरी म्हणाले, "विनोद ठीक आहे, पण आमचा तो हक्क आहे हो. आणि कोणाच्या पिशवीत बघणं हे काही सभ्यपणाचं लक्षण नाही." हे वाक्य मी इतिवृत्तात शब्दशः नोंदवायला लावलं आहे.

सोमवारी मावशी आल्या. ओट्यावरचं आवरून नेहमीप्रमाणे कचऱ्याची पिशवी बांधायला घेतली. ओला वेगळा, सुका वेगळा. सुक्यात हॉटेलच्या पार्सलचे चार डबे, ओल्यात कालचा शिरा. मग फ्रिजच्या मागच्या कप्प्यातून निघालेला एक डबा त्यांनी हातात धरला, झाकण उघडलं.

"दादा, हे अर्धं आहे की."

"पाहुण्यांसाठी आणलं होतं मावशी. तारीख उलटली, आंबलंय. टाका."

त्यांनी आम्रखंड ओल्या कचऱ्यात निपटलं. डबा नळाखाली धुतला, पदराला पुसला आणि विचारलं, "हा नेऊ?" मी हो म्हटलं. दोन्ही पिशव्या घेऊन त्या जिना उतरल्या.

आमच्या पिशवीत काय असतं ते रोज बघणारी एवढी एकच व्यक्ती आहे. एडिसनला तिने अजून काही कळवलेलं नाही.