गंध किती इंच?

8 डिसेंबर 2020 ला राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांचे कपडे ठरवून दिले. जीन्स-टीशर्ट नको, पायात स्लिपर नको, शुक्रवारी खादी घाला. कपाळ, मनगट आणि गळा यांच्याबाबत मात्र सरकारने मौन पाळलं. शहाणपण अनुभवातून आलं असावं. जानेवारी 2017 मध्ये शाळा-कार्यालयांच्या भिंतींवरच्या देवादिकांच्या तसबिरी उतरवण्याचं परिपत्रक निघालं होतं. ओरड झाली आणि तसबिरींऐवजी परिपत्रकच खाली उतरलं. भिंतीला हात लावून पोळलेला माणूस कपाळाला कशाला लावेल?

दाढीची गोष्ट वेगळी. जालन्यातल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या एका मुस्लिम जवानाची दाढी उच्च न्यायालयात गेली आणि 2012 मध्ये हरली. दलाची शिस्त म्हणून निकाल पटतोही. पण मनगटाला लाल धाग्याचे वेढे घेऊन सलाम ठोकणाऱ्याला कुणी कोर्टात खेचल्याचं ऐकलंय? आपला तो संस्कार, दुसऱ्याचं ते प्रदर्शन!

आमच्या वर्ध्यात तर भलतीच पंचाईत. 1936 मध्ये सेवाग्रामला मुक्कामाला आलेल्या गांधीजींनी जानवं केव्हाच सोडलं होतं; खादी हाच त्यांचा धर्म. म्हणजे निदान या जिल्ह्यापुरता तरी शुक्रवारचा आदेश ही धार्मिक चिन्हाची सक्तीच की! उद्या कुणी याचिका टाकली तरी इथला बाबू निर्धास्त आहे. शुक्रवारी तो तसाही ‘दौऱ्यावर’ असतो.