लिथियमचे घरमालक

पुण्यात पाषाणच्या बाजूस सायंकाळी चहाच्या टपरीवर उभे राहिल्यास, बोटांना कार्बनची काजळी, नेत्री जागरणाची लाली आणि मुखी ‘सेल सायकलिंगला लावलेत’ हे एकमेव वाक्य, अशा थाटाचा जो तिशीकडे झुकलेला तरुण दृष्टीस पडतो, तो बॅटरीचा संशोधक होय, असे खुशाल समजावे. आमचे भाचेराव याच जमातीचे. पीएच.डी.ला त्यांनी नाव घातले ते सेंद्रिय रसायनात, कर्करोगावर औषध शोधण्याच्या उदात्त संकल्पाने. परंतु दोन वर्षांत फ्लास्कच्या तळाशी डांबरासारख्या चिकट द्रव्याखेरीज काहीच निष्पन्न होईना आणि अनुदानाचा ओघ तर बॅटरीकडे वळलेला, तेव्हा मार्गदर्शकांच्या तोंडी हुकुमाने त्यांची त्या खात्यात बदली झाली. लिथियम-आयन बॅटरीबद्दल २०१९ साली नोबेल मिळाले तेव्हा गुडइनफसाहेब ९७ वर्षांचे होते, ही गोष्ट लग्नाचा विषय निघाला की भाचेराव आवर्जून सांगतात.

लिथियमचे सोवळे आमच्या आजीलाही झेपले नसते. आर्गॉन भरलेल्या बंद पेटीत, पाणी नि प्राणवायू दशलक्षात एका भागाहूनही कमी ठेवून, जाड रबरी हातमोज्यांतून २० मिलिमीटर व्यासाचा सेल जुळवायचा. मग तो दहा तास भरायचा, दहा तास रिता करायचा. अशा शंभर फेऱ्यांस ८३ दिवस लागतात. मध्येच आलेख कोसळला, तर पुनश्च हरि ॐ.

एकदा मेहुण्यांनी या उद्योगाची कैफियत मागितली. भाचेराव म्हणाले, “बाबा, ग्राफाइट म्हणजे वाडा समजा. सहा कार्बनांमागे एक लिथियम, हा भाडेकरू. बॅटरी भरताना आत येतो, वापरताना बाहेर जातो. सिलिकॉनच्या वाड्यात वजनाच्या मानाने दहापट भाडेकरू मावतात, पण वाडाच तिपटीहून अधिक फुगतो आणि भिंती तडकतात. त्या सावरायच्या, हा माझा प्रबंध.”

“आणि आत आलेले सगळे बाहेर जातात?”

“नाही. पहिल्याच फेरीत काही कायमचे आत अडकून बसतात.”

ज्यांची हयात भाडेकरूंविरुद्धच्या दाव्यांपायी दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात गेली, त्या मेहुण्यांना त्या दिवशी प्रथमच रसायनशास्त्र पटले. चिरंजिवांना त्यांनी आपला वकीलही सुचवला.

वाचकांपैकी कोणाच्या घरच्या इन्व्हर्टरने मान टाकली असेल, तर त्यांनी कृपा करून दुकानदारास गाठावे. त्यातली बॅटरी बहुधा शिशाची असते, आणि शिसे हा भाचेरावांचा विषय नव्हे.