उभा पाइप, आडवा पाइप

भाड्यानं घर देताना मालक पंखे मोजून देतात, नळ सोडून दाखवतात, गीझरचा दिवा लागतो की नाही ते पाहायला लावतात. करारनाम्याला जोडलेल्या यादीत पडद्यांच्या दांड्यासुद्धा असतात. बाथरूमच्या कोपऱ्यातली मोरीची जाळी मात्र मी अजून एकाही यादीत पाहिलेली नाही. करार अर्थातच अकरा महिन्यांचा. बारा महिने झाले की नोंदणीची भानगड, असं पूर्वी म्हणायचे. पुढे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं महाराष्ट्रात मुदत काहीही असो, नोंदणी सक्तीचीच केली. तरी अकराचा आकडा कुणाला सोडवत नाही.

मोरी अचानक तुंबली असं आपण म्हणतो, ते तिच्यावर अन्याय करणारं आहे. ती बरेच दिवस सांगत असते. आधी आंघोळीचं पाणी पायाशी रेंगाळतं, मग जाळीतून गुडगुड ऐकू येते. आपण ‘आज जरा हळू जातंय’ म्हणून टॉवेल उचलतो. शेवटी वॉशिंग मशीन एका दमात पाणी सोडतं आणि फेसाचा डोंगर बाहेर येऊन पायपुसणं गिळतो.

जाळीखाली जे खोलगट भांडं बसवलेलं असतं त्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात दोन-तीन बोटं पाणी कायम साठून राहतं आणि ते साठावं म्हणूनच तो ट्रॅप असतो. त्या पाण्यामुळे गटाराचा वास वर येत नाही. दिवाळीला गावी जाऊन आल्यावर दार उघडताच जो दर्प येतो, तो बहुधा हे पाणी आटल्याचा. दोन तांबे पाणी ओतावं, थोड्या वेळानं निवळतो. पाण्यानं वास अडवायची ही युक्ती संडासाच्या नळीला वाकडं वळण देऊन पेटंट केली ती १७७५ साली, लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं. घड्याळाच्या बारीक चाकांतून मान वर काढून माणसानं थेट संडासाकडे पाहावं, याचं मला फार कौतुक वाटतं. अडचण एवढीच, की जिथं पाणी थांबतं तिथं बाकीची मंडळीही मुक्काम ठोकतात. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून एक पांढरट, न विरघळणारा साका तयार करतं आणि केस त्याला घट्ट धरून ठेवतात.

पहिला उपाय घरोघरी एकच: खायचा सोडा आणि व्हिनेगर. फसफसतं झकास, पाहणाऱ्याला काहीतरी घडतंय असं समाधान मिळतं. प्रत्यक्षात दोघं एकमेकांचा जोर काढून घेतात, आणि गुंता होता तिथंच राहतो. कॉस्टिक सोडा केस खरोखर खातो, पण पाण्यात पडला की भयंकर तापतो, आणि त्यावर कुणी संडासाचं ॲसिड ओतलं तर सगळं उसळून तोंडावर यायचं. आमच्या मावशींचा या दोन्ही शास्त्रांवर विश्वास नाही. “ताई, ती पुडी तिकडं ठेवा,” म्हणत त्यांनी पदर खोचला, जाळी उपटली आणि तारेचं टोक वाकवून आत घातलं.

बाहेर आला तो ऐवज असा: करड्या साक्यात माखलेला केसांचा बुचका, त्यात शाम्पूच्या पुड्यांचे फाडलेले कोपरे, एक गंजलेली सेफ्टी पिन आणि चार वेगवेगळ्या मापांच्या टिकल्या. आंघोळीच्या वेळी फरशीवर चिकटवलेली टिकली पुढं कुठं जाते, याचा उलगडा झाला. काही केस मेंदीनं लालसर झालेले होते. आमच्या घरात मेंदी कुणीच लावत नाही. म्हणजे आधीची भाडेकरीण घर सोडून गेली, डिपॉझिट घेऊन गेली, पण पुरती गेली नव्हती.

पाणी तरीही हलेना. प्लंबरनं गुडघ्यावर बसून आत टॉर्च मारला आणि विचारलं, “मॅडम, खाली कोण राहतं?” जुन्या इमारतींत वरच्या मोरीचा ट्रॅप खालच्या बाथरूमच्या छताला लटकलेला असतो. म्हणजे मोरी वापरायची मी, मालकी घरमालक काकांची, आणि ती नांदते खालच्या काकूंच्या माळ्यावर, पितळी घंगाळ आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांच्या शेजारी. माझ्याही डोक्यावर वरच्यांचा पाइप आहेच. त्यांच्या आंघोळीची वेळ मला तोंडपाठ आहे.

फोनवर काका म्हणाले, “अगं, पण वापर तुमचाच ना?” सोसायटीच्या सेक्रेटरींनी कायदा सांगितला: डक्टमधला उभा पाइप सोसायटीचा, आडवा ज्याचा त्याचा. आता घाण नेमकी अडकली होती आडव्यातून उभ्यात वळतानाच्या कोपरात. कोपर कुणाचं, यावर सेक्रेटरी म्हणाले, मीटिंगमध्ये विषय घेऊ. भाडेकरूला मीटिंगला बोलवत नाहीत. पैसे तूर्त मीच दिले, आणि पावतीचा फोटो काकांना पाठवला. त्यावर नमस्काराचे हात आले. त्यांचा अर्थ ‘मिळाले’ की ‘माफ करा’, हे भाड्यातून वजा केल्यावर कळेल.

काकूंनी मात्र कसलाही कायदा काढला नाही. बरण्या हलवल्या, खाली जुनी चादर अंथरली, स्टूल दिलं. प्लंबरनं झाकण फिरवलं, स्प्रिंग घातली, आणि काही वेळानं बादलीत दुसरा बुचका पडला, पहिल्याहून मोठा. वरून पाणी सोडलं तसं पाइपातून खळखळत गेलं. काकूंनी चष्मा वर करून बादलीत निरखून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

“केस फार गळतात गं तुझे. माक्याचं तेल लावत जा. थांब, घरी काढलेलं देते.”

बाटली घेऊन मी जिना चढायला लागले, तर मागून प्लंबर म्हणाला, “मॅडम, तेलानं पाइप लवकर जाम होतो हां.”