दहा बाय बारातलं जंगल

लालबागच्या चाळीत माणसाला परवडणारे छंद म्हणजे कॅरम आणि भजन. दोन्हींचा पसारा गॅलरीत मावतो. मी मात्र दहा बाय बाराच्या खोलीत जंगल जमवतो. तेही 25 कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचं, दगडात उमटलेलं.

सुरुवात चंद्रपूरच्या मावसभावाने केली. तो कोळशाच्या खाणीत नोकरीला. त्याने एक करडा, पापुद्रे सुटणारा दगड हातात ठेवला. त्यावर लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर, दोन्हीकडे बारीक जाळी. मी असे सहा दगड पिशवीत भरून दादरला उतरलो, तर पोलिसाने अडवलं.

"काय आहे?"

"पानं."

"कसली पानं?"

"जुनी आहेत साहेब."

तंबाखू, गुटखा असं सगळं त्याच्या डोळ्यांतून सरकून गेलं. पिशवी उघडल्यावर मात्र त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा गुटखा निघाला असता तर बरं.

झाडाचं नाव ग्लॉसोप्टेरिस, म्हणजे जिभेच्या आकाराचं नेचं. फ्रान्सच्या ब्राँन्यार यांनी 1828 साली हे नाव ठेवलं. पुढे कळलं की ते नेचं नव्हेच, बी धरणारं झाड आहे. पण बारशाचं नाव एकदा चिकटलं की चिकटलं, आमच्या चाळीतल्या पन्नाशीच्या 'बाळ्या'ला विचारा. विदर्भातला दगडी कोळसा बराचसा याच झाडांच्या रानांतून झालेला. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप धर्मप्रचाराला आले आणि कामठीच्या वाळूच्या दगडांत हीच पानं शोधत बसले. 1863 साली ते नदीत बुडून गेले. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

आईने चष्मा पुसून दगड पाहिला. "आंब्याचं पान की रे! तोरणाला उपयोग नाही, मग आणलंस कशाला?" बाबा गिरणीत बॉयलरवर होते, 1982 चा संप होईपर्यंत. बंगाल-बिहारकडच्या कोळशातही हीच झाडं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी फावड्याने भट्टीत घातली ती अशीच रानं? आणि तू त्यातलं एक पान आणून मिरवतोस!" मला उत्तर सुचलं नाही. लालबाग-परळच्या चिमण्यांतून केवढं जंगल गेलं, आणि त्याची काजळी आम्ही वाळत घातलेल्या कपड्यांवरून झटकली.

बायकोवर छाप पाडायला मी ध्रुवप्रवासी स्कॉटची गोष्ट काढली. 1912 साली दक्षिण ध्रुवावरून परतताना त्याची माणसं उपाशी, पाय थंडीने गेलेले. तरी त्यांनी सुमारे 16 किलो दगड टाकून दिले नाहीत. प्रेतांजवळ ते सापडले, तेव्हा त्यांत ग्लॉसोप्टेरिसची पानं निघाली. हिंदुस्थान, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया असे सगळे एकेकाळी एकाच गोंडवनात भिंतीला भिंत लावून राहत होते, याचा तो भक्कम पुरावा. नंतर पुनर्विकास झाला आणि भाडेकरू पांगले. आपण वर सरकून आशियाला धडकलो, अंटार्क्टिकाला तर विरारपेक्षाही लांबची जागा मिळाली.

"अहो," बायको म्हणाली, "तो मरताना 16 किलो ओढत होता. तुम्हाला दादरहून दोन किलो कांदे आणायला सांगितले तर खांदा दुखतो."

मुंबईत हे पान मिळायचं नाही. इथला दगड काळा असला तरी तो लाव्हाचा, आणि पानापुढे अगदी पोरसवदा, साडेसहा कोटींच्या आसपासचा. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये चिमुकले बेडूक सापडले, तेवढीच आपली मिळकत.

सध्या पाच दगड पलंगाखाली आहेत. सहावा, सगळ्यात सुरेख, बघायचा असेल तर जरूर या. फक्त वैशाखात येऊ नका. तेव्हा तो खारातल्या कैऱ्यांवर दाब म्हणून ठेवलेला असतो आणि आई बरणी उघडू देत नाही.